दान आणि दाम : निपाणीच्या तंबाखूची एक बाजू

निपाणीचे नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी घेतले जाते. एक सीमाप्रश्न आणि दुसरे तंबाखू. सीमाप्रश्नावर या भागात इतके लिहिले आणि बोलले गेले आहे की त्या एका विषयाने वाचनालयाचे एक कपाट सहज भरावे. तंबाखूच्या व्यापाराचीही कीर्ती मोठी आहे. गुजरातेतील चरोतर आणि दक्षिणेतील निपाणी ही विडीच्या तंबाखूची देशातील दोन मातब्बर ठिकाणे मानली जात आली. परंतु ते पान शेतात वाढविणारा कुणबी आणि वखारीत ते चाळणारी, पाखडणारी बाई यांच्याविषयी मात्र मराठीत तुरळकच लिहिले गेले. वास्तविक 1980-81 या दोन वर्षांत याच दोघांनी या लहानशा व्यापारी गावाला साऱ्या देशाच्या नकाशावर आणून ठेवले होते. त्यांची मागणी काय होती आणि ती ऐकणाऱ्यांना एवढी का झोंबली, हे समजून घ्यायचे तर आधी त्या पिकाकडेच वळावे लागते.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी हा कर्नाटकातील भाग आणि त्याला लागून असलेला कागल, गडहिंग्लजचा महाराष्ट्रातील भाग, ही सारी एकाच मातीची शेजघरे आहेत. येथील काळ्या जमिनीत पावसाच्या भरवशावर तंबाखू उत्तम येई. पावसाळ्यात तरू घालायचे, रोपे उपटून लावायची, आणि पीक कमरेएवढे झाले की खरे कष्ट सुरू व्हायचे. कळी दिसताच शेंडा खुडावा लागतो. शेंडा खुडला की पानाच्या बगलेतून फुटवे येतात. तेही पुन्हा पुन्हा खुडावे लागतात. हे केले नाही तर पानात कस उतरत नाही. पानाचा चीक हाताला बसतो, बोटे काळी पडतात, कडवटपणा साबणाने जात नाही. त्या हाताने खाल्लेली भाकरीही कडू लागते. हिवाळ्याच्या अखेरीस कापणी, मग शेतातच उन्हात आणि दवात वाळवण. एवढे होऊन जे हाती येते त्याचा एक दोष असा की ते खाता येत नाही. जोंधळा भाव पडला तर पेवात घालता येतो, निदान घरचे पोट भरते. तंबाखूला जनावरेसुद्धा तोंड लावीत नाहीत. ती विकावीच लागते, आणि विकत घेणारे मूठभर. सगळ्या दुबळेपणाचे मूळ येथे होते.

या दुबळेपणात सरकारनेही भर घातली, ती इंग्रजी अमदानीच्या अखेरीस. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी 1943 साली कच्च्या तंबाखूवर केंद्रीय अबकारी शुल्क बसले. युद्ध संपले, राज्य बदलले, शुल्क राहिले. कोणी किती क्षेत्रात तंबाखू लावली, किती निघाली, ती कोठे ठेवली, याची नोंद अधिकाऱ्याकडे करावी लागे. शुल्क भरल्याशिवाय माल हलवायचा तर तो परवानाधारक वखारीतच न्यावा लागे. ज्याच्याकडे वखार आणि परवाना, त्याच्याकडेच माल जाणार, हे कायद्यानेच ठरले. लहान शेतकऱ्याला माल अडवून धरण्याची सोय राहिली नाही. 1979 च्या अर्थसंकल्पात, चरणसिंग अर्थमंत्री असताना, हे शुल्क रद्द झाले. पण तोवर छत्तीस वर्षे गेली होती आणि वखारदाराच्या दारात उभे राहण्याची सवय दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. दरम्यान 1975 च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापन झाले, गुंटूरला त्याचे कार्यालय झाले. पण त्याचा कारभार सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूपुरता. गरिबाच्या विडीची तंबाखू पिकविणारा त्यात बसला नाही.

व्यवहाराची रीत अशी असे. माल वखारीत जाई, भाव मागाहून ठरे. काट्यावर वजन होई तेव्हा कडता कापला जाई. ओल, माती, काडी या नावाखाली आणखी घट धरली जाई. पैसे एकरकमी मिळत नसत. हप्त्याहप्त्याने, कधी पुढचा हंगाम तोंडावर येईपर्यंत रेंगाळत. मधल्या काळात लग्नकार्य, आजारपण, बी-बियाणे यांसाठी उचल घ्यावी लागे, तीही त्याच दुकानातून, आणि ती हिशेबात वळती होई. म्हणजे धनको आणि गिऱ्हाईक एकच. अशा स्थितीत भाव विचारणे हेच उद्धटपणाचे ठरते. शेतकरी पेढीवर जाई तो पायताण बाहेर काढून, अंग चोरून. आणि आपल्याच मालाचे आपलेच पैसे मागताना त्याचा आवाज उसने मागणाऱ्यासारखा होई. काट्यावर गेलेल्या शेरा-दोन शेरांपेक्षा हे नुकसान अधिक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तंबाखूच्या पैशाने निपाणीचे बरेच भलेही झाले. शाळा, देवळे, धर्मशाळा, सार्वजनिक संस्था यांना व्यापाऱ्यांनी हात सैल सोडून मदत केली. सीमाभागातील कोणत्याही जुन्या संस्थेच्या देणगीदारांच्या फलकावर व्यापारी नावे ठळक दिसतात, आणि त्या देणग्यांवाचून अनेक संस्था, वाचनालयेसुद्धा, उभी राहिली नसती. या माणसांत दानत होती, यात शंका नाही. प्रश्न दानतीचा नव्हता. काट्यावर सुटलेले दाम फलकावर दान म्हणून परत येत होते, आणि दोहोंचा हिशेब एकाच वहीत कधी मांडला गेला नाही. दान देणाऱ्याची मान ताठ राहते, घेणाऱ्याची वाकते. दाम देताघेताना दोघांना समोरासमोर उभे राहावे लागते. निपाणीतील झगडा या फरकाचा होता.

शेतकऱ्याची ही गत, तर वखारीतील बाईची काय असेल? वाळलेली तंबाखू वखारीत येते ती पान, शिरा, देठ यांसह. ती कुटायची, चाळायची, पाखडायची, देठ-काडी वेगळी करायची, विडीला लागणाऱ्या जाडीचा चुरा तयार करायचा. ही सगळी कामे स्त्रियांची. बंद जागेत तंबाखूची धूळ उडत असते. नाकातोंडावर पदर गुंडाळून दिवसभर काम करायचे. नव्याने आलेल्या मुलीला चक्कर येते, ओकारी होते. जुन्यांना खोकला आणि दमा जडतो. घरी आल्यावर अंगावर पिणारे मूल आईच्या वासाने तोंड फिरवते. कामाचे तास ठरलेले नव्हते, रजा ठाऊक नव्हती, मजुरी कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कितीतरी खाली होती. शिवाय मुकादमाची जीभ. बाईला नावाने हाक मारण्याचीही तसदी घेतली जात नसे. यांतील कितीतरी स्त्रिया दलित समाजातील होत्या, आणि अनेक जणी यल्लमाला सोडलेल्या, म्हणजे देवदासी. ज्या बाईला नवरा नाही, जमीन नाही आणि समाजाने जिची अब्रू आधीच देवाच्या नावावर लिहून टाकली आहे, तिला वखारीत कोणी काही बोलले तर तिने तक्रार कोणाकडे करायची? सौंदत्तीचा डोंगर येथून फार दूर नाही. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा 1934 सालीच झाला होता. पण त्यानंतरही चाळीस-पन्नास वर्षे प्रथा चालूच राहिली, म्हणून कर्नाटकाला 1982 साली पुन्हा कायदा करावा लागला. दोन कायद्यांमधील या अंतरात निपाणीच्या वखारींना स्वस्त हात मिळत राहिले.

घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांची कथा थोडी निराळी. त्या उंबऱ्याच्या आत बसून काम करीत, म्हणून त्यांना कामगार म्हणायलाच कोणी तयार नसे. हजारामागे मजुरी, त्यातून छाट. विडी वाकडी, सैल, बारीक म्हणून बाजूला काढायची, तिची मजुरी द्यायची नाही, आणि ती विडी परतही करायची नाही. 1966 साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारीलाही त्याने कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. कागदावर विडी वळणारी बाई कामगार झाली ती अशी. कल्याण निधीचा कायदा 1976 मध्ये आला. कागद आणि उंबरा यांच्यातील अंतर मात्र कोणीतरी चालून जावे लागते.

या संदर्भात एक आठवण ग्रंथालयाच्या वाचकांना विशेष रुचेल. क्यूबातील हवाना शहरात 1865 च्या सुमारास सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक रीत पाडली. हात कामात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून एकाने उंच आसनावर बसून वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या, आणि त्याची मजुरी बाकीच्यांनी वर्गणी काढून द्यायची. आपल्याकडे केरळात कण्णूर भागातील विडी कामगारांतही हीच पद्धत रुजली होती. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. तेथूनच पुढे 1969 साली दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, हा योगायोग म्हणता येणार नाही. निपाणीच्या वखारीत तसा वाचक कधी बसला नाही. नाकावर पदर बांधावा लागेल अशा धुळीत कोण काय वाचणार? आणि ऐकणाऱ्या बायकांतील कितीजणींना शाळेचा उंबरा माहीत होता? तथापि ज्ञान अगदीच फिरकले नाही असे नव्हे. 1925 च्या एप्रिल महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीतच भरली होती. शेजारच्या माणगावच्या परिषदेला तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे पुढे होता. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याचा अभिमान या जिल्ह्याला आजही आहे आणि तो असावाच. निपाणीच्या परिषदेची आठवण त्या मानाने कमी निघते.

पुढे 1956 उजाडले. जानेवारीच्या सोळा तारखेला मुंबईसंबंधीची घोषणा झाली, सतराला बेळगाव-निपाणीत लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. त्या दिवशीच्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा भाग म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले, बेळगाव मात्र नाकारले. म्हणून तो अहवाल महाराष्ट्राने मानला नाही आणि प्रश्न तसाच राहिला. या लढ्यात वखारदार आणि हमाल, पेढीवरचा कारकून आणि तंबाखू चाळणारी बाई, सगळे एका मोर्च्यात चालले. भाषेचा अभिमान ही त्या काळातील एकमेव अशी जागा होती की जेथे गरिबाला श्रीमंताच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता येई. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण मोर्चा संपल्यावर एक जण वखारीच्या पुढच्या दाराने आत जाई आणि दुसरी मागच्या दाराने. काट्याला मराठीही कळत नव्हती आणि कानडीही. अभिमानाने मान ताठ झाली तरी मजुरी मागताना ती पुन्हा वाकत होती, आणि याकडे बोट दाखविले तर एकजुटीला तडा जाईल अशी भीती पुष्कळ सज्जनांनाही वाटे.

ही कोंडी फोडण्याचे काम एका प्राध्यापकाने केले. निपाणीच्या अगदी जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे. गाव एका राज्यात आणि त्याचे महाविद्यालय दुसऱ्या राज्यात, ही सीमाभागाची गंमत. तेथील प्रा. सुभाष जोशी यांनी वखारीतील स्त्रियांची संघटना बांधण्यास सुरुवात केली. ‘चिकोडी तालुका कामगार महासंघ’ या नावाने ती ओळखली गेली. तंबाखू कामगार, विडी कामगार, देवदासी अशा सगळ्याजणी तिच्या छायेखाली आल्या. संपाचा पहिला दिवस कसा असेल याची कल्पना करणे आज कठीण आहे. ज्या बाईची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, तिने काम थांबविणे म्हणजे संध्याकाळची चूल थांबविणे होते. तरीही 1980 च्या सुमारास हजारो स्त्रिया वखारीतून बाहेर आल्या. त्यांच्या मागण्या वाचल्या तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. कायद्याने ठरलेली मजुरी, ठराविक तास, रजा, बोनस आणि कामाच्या जागी माणुसकीची वागणूक. कायदा मोडा असे त्या म्हणत नव्हत्या, तो पाळा असे म्हणत होत्या. मालकांना मात्र मजुरीतील वाढीपेक्षा एक बाब अधिक बोचली असावी : कालपर्यंत खाली मान घालून चाळणी हलविणारी बाई आज समोरच्या खुर्चीवर बसून बोलणी करणार, ही. पैशाची तडजोड माणूस लवकर करतो, बैठकीतील जागेची करीत नाही.

या लढ्याचे दस्तऐवज कोणी केले ते पाहण्यासारखे आहे. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने 1982 साली निपाणीच्या या कामगार स्त्रियांवर मराठी बोलीतील लघुपट केला. आधी स्त्रियांजवळ राहून, त्यांचे ऐकून घेऊन, त्यांच्याच सहभागाने तो तयार झाला. मराठीतील लेखिका आणि अभ्यासक छाया दातार यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांचा सविस्तर अभ्यास केला. तो 1989 साली ग्रंथरूपाने आला, परंतु इंग्रजीत. म्हणजे बोलणाऱ्या बायका मराठी, अभ्यास करणारी मराठी आणि ग्रंथ इंग्रजी. ज्या गावात मराठी पाटीसाठी माणसे तुरुंगात गेली, त्या गावातील सर्वांत गरीब बायकांचा सविस्तर अभ्यास दिल्लीहून इंग्रजीत प्रसिद्ध व्हावा, यात अभ्यासकांचा दोष नाही.

कामगार स्त्रिया उठल्या तेव्हा शेतकरी कोठे होते? वरवर पाहता दोघांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येणारे. व्यापाऱ्याचा युक्तिवाद तयारच असतो : बायकांची मजुरी वाढवली तर शेतकऱ्याला भाव कोठून देऊ? हा युक्तिवाद जेथे जेथे कच्चा माल आणि हातमजुरी एकत्र येते तेथे सर्वत्र चालतो आणि बहुधा खपतो. निपाणीत तो खपला नाही. महासंघ बांधणारेच प्रा. जोशी शेतकऱ्यांच्या चळवळीचेही स्थानिक नेते झाले. शरद जोशी यांना निपाणीत आणण्यात त्यांचा पुढाकार होता.

शरद जोशी तोपर्यंत महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले होते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील उच्चपदस्थ नोकरी सोडून ते 1976 साली परतले, पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली, चाकणचा कांदा आणि मग 1980 च्या अखेरीस नाशिकचा कांदा-ऊस, अशी आंदोलने त्यांनी केली. त्यांच्या संघटनेची मूळ घोषणाच भीक नाकारून घामाचे दाम मागणारी होती. अनुदान नको, सूट नको, कर्जमाफीची मेहेरबानी नको; उत्पादनखर्चावर आधारलेला भाव द्या. शेतीच्या अर्थशास्त्रावरील त्यांची सगळी मते सर्वांना मान्य होतील असे नाही. पुढे ती अनेकांना झालीही नाहीत. पण शेतकऱ्याने तोंड उघडावे ते याचक म्हणून नव्हे, ही शिकवण मात्र त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आली नाही. निपाणीच्या शेतकऱ्याला ती लगेच उमगली, कारण पेढीवर याचक होण्याचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

मार्च 1981 च्या मध्यास पुणे-बंगलोर महामार्गावर निपाणीजवळ शेतकरी येऊन बसले. तंबाखूला रास्त भाव मिळेपर्यंत उठायचे नाही असा निर्धार होता. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते बसले. हजारो माणसे, त्यांत मराठी बोलणारी होती तशी कानडी बोलणारीही. गावोगावाहून भाकरी येई, ती वाटून खाल्ली जाई. भाषणे होत, भजने होत. त्या जागेला आंदोलननगर असे नाव पडले. सीमाभागाच्या इतिहासात ही घटना एका कारणाने वेगळी म्हणावी लागेल. येथे मराठी आणि कानडी शेतकरी एकमेकांसमोर उभे न राहता एका बाजूला बसले होते, आणि त्यासाठी कोणीही आपली भाषा सोडली नव्हती.

राज्यात तेव्हा गुंडूराव यांचे सरकार होते. या सरकारची शेतकऱ्यांशी बोलण्याची रीत आदल्याच वर्षी दिसून आली होती. जुलै 1980 मध्ये मलप्रभा कालव्याच्या क्षेत्रात, नवलगुंद आणि नरगुंद येथे, पाणीपट्टी आणि विकासकराविरुद्ध शेतकरी उठले होते आणि तेथे गोळीबार झाला होता. 6 एप्रिल 1981 रोजी निपाणीच्या रस्त्यावरही तेच झाले. आदल्याच दिवशी गुढीपाडवा झाला होता. पोलिसांनी आंदोलन मोडून काढले, नेत्यांना अटक झाली, आणि गोळीबारात बारा शेतकरी मरण पावले. हाती शस्त्र नसलेल्या, रस्त्यावर बसून भाकरी खाणाऱ्या माणसांवर गोळी का चालवावी लागली, याचे उत्तर वाहतुकीच्या कोंडीत शोधून सापडणार नाही. रस्ता अडला होता हे खरे. परंतु त्याहून मोठी अडचण अशी की ही माणसे अर्ज घेऊन आली नव्हती. अर्जाला उत्तर देण्याची पद्धत राज्यकर्त्यांजवळ असते. समोर बसून हिशेब मागणाऱ्याला काय म्हणायचे हे त्यांना माहीत नसते, आणि हे न कळणे सत्तेला फार अपमानास्पद वाटते.

जानेवारी 1983 च्या निवडणुकीत गुंडूरावांचे सरकार गेले आणि रामकृष्ण हेगडे यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकातील पहिले काँग्रेसेतर सरकार आले. त्या पराभवाची कारणे अनेक होती. नरगुंद आणि निपाणीचा वाटा त्यात होता, इतके म्हणता येईल. प्रा. सुभाष जोशी पुढे कर्नाटक विधानसभेवर निपाणीतून निवडून गेले. तंबाखूच्या शेतकऱ्याला लगेच सोन्याचे दिवस आले असे मात्र झाले नाही. काट्यावरची अरेरावी कमी झाली, भाव विचारण्याची लाज गेली. बाजार मात्र बाजारच राहिला. हळूहळू वेदगंगा-दूधगंगेचे पाणी पसरले तसे तंबाखूच्या जागी ऊस आला. वखारीतील कामही पूर्वीचे राहिले नाही. पण उसाच्या वजनावरून, हप्त्यांवरून आणि थकबाकीवरून आज या भागात जे वाद होतात ते ऐकताना जुन्या माणसांना काटा ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की आता वाद होतात; ते मनातल्या मनात गिळले जात नाहीत.

निपाणीला अशा रीतीने दोन हुतात्मा दिवस आहेत, 17 जानेवारी आणि 6 एप्रिल. पहिला सीमाभागातील प्रत्येक मराठी संस्था पाळते. दुसरा शेतकरी चळवळीतील माणसे पाळतात. दोन्हींच्या यादीत निपाणी भागातीलच साधी माणसे आहेत, आणि कदाचित काही घरे अशीही असतील की ज्यांनी दोन्ही दिवशी दिवा लावावा. ग्रंथालयातील विषयवार मांडणीत मात्र पहिला प्रसंग राजकारणाच्या कपाटात जातो आणि दुसरा शेतीच्या. वखारीतील स्त्रियांचा ग्रंथ तिसरीकडे, इंग्रजी पुस्तकांत. ग्रंथपालांचा यात काही अपराध नाही. पुस्तक कोठेतरी एकाच जागी ठेवावे लागते.

या सगळ्याला एकत्र पाहणारा एक लेखक निपाणीतच होऊन गेला. महादेव मोरे यांनी उभे आयुष्य या गावात काढले. त्यांनी टॅक्सी चालविली, मोटारी दुरुस्त केल्या, आणि पुढे कित्येक वर्षे पिठाची गिरणी चालविली. ‘एकोणिसावी जात’, ‘चिताक’, ‘रोटी’ अशी त्यांची पुस्तके वाचकांना परिचित आहेत. ड्रायव्हर, मेकॅनिक, हमाल, मोलकरणी, देवदासी, वखारीतील बायका ही त्यांची माणसे. त्यांच्याविषयी कणव दाखवावी म्हणून त्यांनी लिहिले नाही. ती त्यांची गिऱ्हाइके होती, शेजारी होती, सोबती होती. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूर राहिले, आणि त्यांना जो मान मिळायला हवा होता तो उशिरा आणि थोडाच मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी गिरणीवाला लेखक म्हणून त्यांचा गौरव केला. त्या शब्दात कौतुक होते आणि थोडे आश्चर्यही, जणू गिरणी चालवून लिहिणे ही विस्मयाची बाब असावी. मोरे यांना तसे कधी वाटले असेल असे त्यांच्या लेखनातून दिसत नाही. दळण टाकून बायका उभ्या राहत, जाते फिरत राही, पीठ अंगावर बसत राही, आणि हिशेब चुकता झाला की पुढचा डबा.